सुट्टीवर सुट्टी आली की पगाराचं काय?

२ ऑक्टोबर २०२५ला गुरुवार होता. त्या दिवशी गांधीजयंती होती आणि दसराही. भोसरी, पिंपरी, चिंचवड या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्याच्या वारांत वाटून घ्यायची जुनी पद्धत तिथे रुळलेली आहे. म्हणजे राष्ट्रीय सुट्टी, सणाची सुट्टी आणि आठवड्याची सुट्टी अशा तीन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या, आणि कामगार घरी राहिला तो एकच दिवस. त्या वर्षी १ मेसुद्धा गुरुवारीच होता. रविवारची सुट्टी असणाऱ्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच चकवा बसला होता, कारण २६ जानेवारी रविवारी आला.

मी काही वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत. अशा दिवसांच्या आगेमागे मस्टरच्या खिडकीशी जी गर्दी होते, तिचे प्रश्न ठरलेले असतात. बुडालेली सुट्टी दुसऱ्या दिवशी मिळेल का? त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट की चौपट? रोजावर काम करणाऱ्यानं काय करायचं? खिडकीच्या आतल्या माणसाचं उत्तरही ठरलेलं असतं, "साहेबांना विचारून सांगतो." मीही ते पुष्कळदा दिलं आहे. तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता सांगतो. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो : या प्रश्नाचं उत्तर सुट्टीच्या दिवशी शोधून उपयोग नसतो. ते आदल्या डिसेंबरात ठरलेलं असतं, किंवा ठरवायचं राहून गेलेलं असतं.

आपल्या हक्काच्या सुट्ट्या कोणत्या?

पहिला घोळ इथेच होतो. राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढते, वर्तमानपत्रं ती छापतात, कालनिर्णयावर लाल आकडे दिसतात. ती यादी सरकारी कार्यालयांसाठी आणि, परक्राम्य संलेख अधिनियमाखाली (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), बँकांसाठी असते. खासगी दुकानात, कारखान्यात किंवा कंपनीत काम करणाऱ्याला त्या लाल आकड्यांवर आपोआप हक्क मिळत नाही. "सरकारनं सुट्टी जाहीर केली आहे" हे वाक्य मालकासमोर टिकत नाही ते यामुळे.

दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, आयटी कंपन्या यांच्यासाठी आपल्याकडे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आहे. त्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या दिल्या आहेत. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या, आणि त्या मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. हे शेवटचे शब्द फार कमी लोकांनी वाचलेले असतात. बहुतेक ठिकाणी मालक जानेवारीत एक कागद फलकावर लावतो आणि कामगार त्याचा मोबाइलवर फोटो काढतात, ठरवणं संपलं.

हा कायदा दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आला. ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये घेतला. तेव्हा बारा-पंधरा माणसांच्या दुकानात काम करत असाल, तर कायदा आपल्याला लागू आहे का हे आधी विचारून घ्या. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय जागांवरची माणसंही त्यातून वगळलेली आहेत. हल्ली साध्या विक्रेत्यालासुद्धा 'असिस्टंट मॅनेजर' म्हणतात. कार्डावर पद काय छापलंय यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो याला महत्त्व आहे, एवढं लक्षात ठेवा.

कारखान्यांची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी सणांच्या सुट्ट्यांचा वेगळा कायदा नाही. तमिळनाडूत १९५८पासून आहे, कर्नाटकात १९६३पासून. त्यामुळे बेळगाव-निपाणीकडे कारखान्यात काम करणाऱ्या वाचकांना पाच ठरलेल्या आणि पाच सणांच्या अशा दहा सुट्ट्या कायद्यानेच मिळतात, तर इचलकरंजी किंवा चाकणच्या कामगाराला त्या मिळतात युनियनच्या करारातून, स्थायी आदेशांतून किंवा वर्षानुवर्षं चालत आलेल्या रिवाजातून. म्हणून कारखान्यातल्या माणसानं कायद्याचं पुस्तक उघडण्याआधी कराराची प्रत मिळवावी.

बुडालेली सुट्टी परत मिळते का?

आता मूळ प्रश्न. सुट्टी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आली तर दुसरा दिवस मिळतो का? सरळ उत्तर : आपोआप नाही. दुकानांचा कायदा या बाबतीत गप्प आहे. आठ सुट्ट्या दिल्या, त्यातली एक रविवारी आली, तरी मालकाच्या लेखी आठ झाल्या. सरकारी नोकरांचीही यातून सुटका नाही; केंद्र सरकारच्या वार्षिक सुट्ट्यांच्या परिपत्रकात, सण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला किंवा दोन सण एकाच दिवशी आले तर बदली सुट्टी मिळणार नाही, असं स्पष्ट म्हटलेलं असतं.

इथे हमखास एक फॉरवर्ड येतो, "रविवारची सुट्टी सोमवारी द्यावीच लागते, कायदा आहे." कायदा आहे हे खरं, पण सिंगापूरचा आणि मलेशियाचा. तिथे सार्वजनिक सुट्टी विश्रांतीच्या दिवशी आली की पुढचा कामाचा दिवस भरपगारी सुट्टीचा होतो. ब्रिटनमध्येही सार्वजनिक सुट्टी शनिवार-रविवारी आली की पुढच्या कामाच्या दिवशी पाळण्याची पद्धत आहे. मुलगा सिंगापूरला असला की आईवडिलांना वाटतं जगभर असंच असतं. आपल्याकडे तसं नाही.

पण 'आपोआप नाही' आणि 'मिळतच नाही' यांत फरक आहे. साप्ताहिक सुट्टी आणि सणाची सुट्टी या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याची सुट्टी शरीरासाठी असते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी आणि १८८४ साली त्यांनी उभ्या केलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने कित्येक वर्षं लावून धरली होती. सहा दिवस राबलेल्या माणसाला सातव्या दिवशी पाठ टेकायला मिळावी, एवढीच ती मागणी होती. झेंडावंदनाला किंवा लक्ष्मीपूजनाला मिळणारी सुट्टी वेगळ्या कारणासाठी असते. एक दुसरीत मिळवून टाकली की कामगाराचा एक दिवस बुडतो, ही तक्रार बिनबुडाची नाही. ती वाटाघाटीच्या टेबलावर मांडायची तक्रार आहे, आणि पुष्कळ कारखान्यांच्या करारांत तिच्यासाठी बदली सुट्टीचं कलम असतं. आपल्या करारात ते असेल आणि मालकाने एका वर्षी ते गुपचूप गाळलं, तर हा सेवाशर्तीतला बदल झाला. भरपगारी रजा आणि सुट्ट्या हा विषय कामगार कायद्यात आधी नोटीस दिल्याशिवाय बदलता न येणाऱ्या बाबींत आहे. नोटीस एकवीस दिवसांची.

हातात हात घालून येणाऱ्या तारखा

डिसेंबरातच का ठरवायचं, ते कॅलेंडरवरून कळतं. १ मे आणि २ ऑक्टोबर यांच्यात बरोबर बावीस आठवडे असतात. त्यामुळे या दोन तारखा कोणत्याही वर्षी एकाच वारी येतात, लीप वर्ष असो वा नसो. १५ ऑगस्ट येतो त्याच्या पुढच्या वारी. म्हणजे १ मे बुडाला की २ ऑक्टोबरही बुडतोच. २०२२मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर दोन्ही रविवारी होते. २०२७मध्ये १ मे शनिवारी, २ ऑक्टोबर शनिवारी आणि १५ ऑगस्ट रविवारी आहे. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कंपन्यांत त्या वर्षी चार ठरलेल्या सुट्ट्यांपैकी तीन जातील. उरेल फक्त २६ जानेवारी, तो मंगळवारी आहे. २०२१मध्येही १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांचे हेच वार होते.

या तारखा बदलता येत नाहीत. बदलता येतात ते चार सण. मालकाने दिवाळी म्हणून लक्ष्मीपूजनाचा दिवस लिहिला आणि २०२६मध्ये तो ८ नोव्हेंबरला, रविवारी आला, तर ती सुट्टी कागदावरच राहिली. तिच्याऐवजी मंगळवारचा पाडवा लिहून घेता आला असता. गुरुवारची सुट्टी असणाऱ्या पुण्याच्या कारखान्यात २०२६चा गुढीपाडवा, १९ मार्च, असाच वाया जातो, आणि १९ फेब्रुवारीची शिवजयंतीही. पंचांग डिसेंबरात हातात असतं. चार दिवस निवडताना त्यावर एकदा नजर टाकली तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. पण आपल्याकडे सुट्टीची चर्चा सुरू होते ती आदल्या दिवशी दुपारच्या चहाला.

त्याऐवजी डिसेंबरातच मालकाला एक पत्र द्या; ते लांबलचक असायची गरज नाही. एका कामगाराने दिलं तरी चालतं, पाचसात जणांच्या सह्या असल्या तर बरं, युनियन असेल तर तिच्या लेटरहेडवर. मजकूर एवढाच : पुढील वर्षाच्या सणांच्या चार सुट्ट्या म्हणून अमुक तारखा आम्ही सुचवत आहोत, जी राष्ट्रीय किंवा सणाची सुट्टी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येईल, तिच्याऐवजी लगतचा पुढचा कामाचा दिवस किंवा उभयतांनी ठरवलेला दुसरा दिवस भरपगारी सुट्टी धरावा. पोचपावती घ्या. छोट्या दुकानाचा मालक बदली सुट्टीला तयार नसेल तर 'बुडणाऱ्या दोन सुट्ट्यांपैकी एकीची तरी बदली द्या' असं मागायला हरकत नाही. माझा अनुभव असा की मालक तत्त्वावर नकार देतो आणि तारखेवर होकार देतो. "सुट्टीचा हक्क" म्हणालात की तो वकील गाठतो, "पाडवा द्या, आम्ही शनिवारी तासभर जास्त थांबतो" म्हणालात की कॅलेंडर काढतो.

बोलावलं तर किती मिळालं पाहिजे?

आता पैशांकडे वळू. एक आकडा धरून चालू : महिन्याचं वेतन २०,८०० रुपये. हा आकडा मुद्दाम घेतला आहे, कारण सव्वीसने भागला की बरोबर ८०० येतो.

सव्वीसच का? महिन्यातले चार रविवार वजा केले की साधारण सव्वीस कामाचे दिवस उरतात, म्हणून. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात 'पंधरा भागिले सव्वीस' आहे ते याच कारणाने. त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता आणि १९८०मध्ये सव्वीसच्या बाजूने निकाल लागला. किमान वेतनाचा रोज काढतानाही महिन्याच्या आकड्याला सव्वीसनेच भागतात. त्यामुळे एका दिवसाचं वेतन विचारलं तर आधी हे विचारा की भाजक कोणता. तीसने भागलं तर ८००चे ६९३ रुपये होतात. दुप्पट धरली तर एका दिवसात दोनशे तेरा रुपयांचा फरक पडतो. एका कारखान्यात मी असं पाहिलं आहे की खाडा झाला की सव्वीसने कापायचे आणि ओव्हरटाइम द्यायचा झाला की तीसने भागायचे. गणित एकच असतं, भाजक मात्र सोयीनुसार. पगाराच्या स्लिपेवर दोन्ही दर शेजारी लिहून घ्या म्हणजे हा खेळ थांबतो.

सुट्टीच्या दिवशी घरी राहिलात तर महिन्याच्या पगारावर काहीच परिणाम होत नाही. २०,८०० ते २०,८००च. सुट्टी रविवारी आली म्हणून एक दिवस जास्तीचा मिळत नाही, तसा कापताही येत नाही.

कामावर बोलावलं तर गोष्ट बदलते. दुकानांच्या कायद्यानुसार त्या आठ दिवसांपैकी एखाद्या दिवशी काम करून घेतलं तर दुप्पट वेतन आणि शिवाय दुसऱ्या दिवशी रजा द्यायची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करून घेतलं तरी वेतन दुप्पट दराने, आणि बुडालेली विश्रांती दोन महिन्यांच्या आत परत करायची. दिवस एकच असून दोन्ही लागू होत असतील तर चौपट होईल का? नाही होणार, दुप्पट दर एकदाच लागतो. पण रजा मात्र दोन मागता येतात असं माझं मत आहे, एक सणाच्या सुट्टीच्या बदल्यात आणि एक आठवड्याच्या विश्रांतीच्या बदल्यात, कारण कायद्याने त्या दोन वेगळ्या कारणांनी दिल्या आहेत. मालक एकावर अडून बसेल. तरी दोन लिहून द्या, एकीवर तडजोड झाली तर झाली.

आता 'दुप्पट' म्हणजे पगारावर वर किती? इथे खरी रस्सीखेच होते. टाइम ऑफिसचा युक्तिवाद असा असतो की महिन्याच्या पगारात त्या दिवसाचे ८०० आहेतच, म्हणून आणखी ८०० दिले की दुप्पट झाली. सुट्टी कामाच्या वारी, समजा बुधवारी आली असेल, तर या म्हणण्यात तथ्य आहे. तो दिवस सव्वीसात मोजलेला असतो. पण सुट्टी रविवारी आली आणि तुमचा पगार सव्वीस दिवसांवर काढलेला आहे, तर तो रविवार त्या सव्वीसात नाहीच. मग वर मिळायला हवेत १,६००. भाजक सव्वीस धरणाऱ्या मालकाला हे उत्तर टाळता येत नाही. भाजक तीस धरणाऱ्याला येतं, म्हणूनच आधी भाजक विचारायचा.

कोणत्या आकड्याची दुप्पट, हाही प्रश्न आहे. वेतन कमी दाखवायचं आणि उरलेलं घरभाडं, प्रवास, खास भत्ता यांत पसरायचं, ही जुनी युक्ती. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या वेतन संहितेने या युक्तीला थोडी वेसण घातली आहे : वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. समजा २०,८००मध्ये मूळ पगार ७,००० आणि बाकी १३,८०० असे वगळता येणारे भत्ते. निम्मे म्हणजे १०,४००. त्यावरचे ३,४०० वेतनात मिळवले की वेतन होतं १०,४००, आणि रोज ४०० रुपये. मूळ पगारावरच हिशेब केला असता तर तो २६९ झाला असता. त्यामुळे संहिता लागू झाल्यानंतरची स्लिप त्याआधीच्या स्लिपेशेजारी ठेवून एकदा पाहा.

रोजंदारीवाल्याचा प्रश्न सर्वांत टोकदार आहे, कारण त्याच्यासाठी सुट्टी म्हणजे कोरडा दिवस. भरपगारी सुट्टीचा अर्थ त्याच्या बाबतीत इतकाच की काम न करता त्या दिवसाचा रोज मिळायला हवा. आता पुन्हा मे २०२५ घ्या. गुरुवारची सुट्टी, महिन्यात पाच गुरुवार, त्यातला पहिला १ मे. कामगाराने एकूण सव्वीस दिवस काम केलं, सव्वीस रोज मिळाले. १ मे बुधवारी आला असता तर त्याने पंचवीस दिवस काम केलं असतं आणि तरी सव्वीस रोज मिळाले असते. म्हणजे सुट्टी गुरुवारी आल्याने त्याने एक दिवस जास्त राबून तेवढेच पैसे घेतले. सत्ताविसावा रोज मागणं कायद्यातल्या 'भरपगारी' या शब्दाला धरूनच आहे. मालक म्हणेल, साप्ताहिक सुट्टीचा पैसा रोजातच धरलेला आहे. तो धरलेला असो, सणाच्या सुट्टीचा धरलेला आहे का, हे विचारा.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : कायम कामगारांसारखंच काम करत असाल तर सुट्ट्या आणि वेतनाचे दरही तसेच असावेत, अशी अट ठेकेदाराच्या परवान्यात असते, आणि ठेकेदाराने पैसे बुडवले तर मुख्य मालक जबाबदार धरला जातो. दसऱ्याला कायम कामगार घरी आणि ठेक्याचे कामगार साफसफाईला, हे दृश्य मी दरवर्षी पाहिलं आहे. त्या साफसफाईचं मस्टर वेगळ्या वहीत असतं. ती वही कुठे असते ते माहीत असू द्या.

रोस्टर, पाळी आणि पूजा

मॉल, हॉटेल, रुग्णालय, पेट्रोल पंप, कॉल सेंटर अशा ठिकाणी साप्ताहिक सुट्टीचा वार ठरलेला नसतो, ती फिरती असते. तिथे सुट्टीवर सुट्टी 'येत' नाही, ती आणली जाते. १५ ऑगस्ट शुक्रवारी आहे ना, मग त्या आठवड्यात तुझा वीकली ऑफ शुक्रवारी. झाली आठवड्याची सुट्टी, झाली सणाची. एकदा असं झालं तर योगायोग, वर्षात चारदा झालं तर पद्धत. दर महिन्याच्या रोस्टरचा फोटो काढून ठेवा; वर्षाअखेर ते बारा फोटो शेजारी मांडले की समोरचा माणूस गप्प होतो.

रात्रपाळीवाल्यांचा एक छोटा मुद्दा. पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल तर सुट्टी रात्री बारापासून मोजत नाहीत, पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास मोजतात. १४ ऑगस्टच्या रात्री आत गेलात आणि १५च्या सकाळी बाहेर पडलात, तर तुमची सुट्टी तेव्हा सुरू होते आणि १६च्या सकाळपर्यंत चालते. १५च्या रात्री बोलावलं तर ते सुट्टीवरचं काम.

पूजेचंही सांगायला हवं. दसऱ्याला मशीनची पूजा असते, साडेदहाला यायचं, हळदकुंकू, नारळ, पेढा, फोटो. कोणी हौसेनं येतो, त्याचा पैसा मागण्यात अर्थ नाही. पण "सर्वांनी उपस्थित राहावे, गैरहजेरी खपवून घेतली जाणार नाही" अशी नोटीस फलकावर लागली असेल, तर ती पूजा कामावर बोलावणंच आहे. नोटिशीचा फोटो ठेवा. १५ ऑगस्टच्या सक्तीच्या झेंडावंदनालाही हेच लागू.

आणि सँडविच. शनिवारी रजा, रविवारी वीकली ऑफ, सोमवारी सणाची सुट्टी, मंगळवारी रजा. कंपनी म्हणते चारही दिवस रजेत. वार्षिक भरपगारी रजेच्या बाबतीत फॅक्टरीज ॲक्टचं उत्तर स्पष्ट होतं : रजेच्या मध्ये किंवा टोकाला येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत. कंपनीच्या नियमपुस्तिकेत सँडविचचं कलम असेल तर ते कोणत्या रजेसाठी लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा.

मतदानाच्या दिवसाची गफलतही इथेच दूर करू. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाची सुट्टी त्या आठांपैकी नसते, ती लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली वेगळी मिळते, रोजंदारीवाल्यालासुद्धा त्या दिवसाचे पैसे मिळायला हवेत. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान बुधवारी होतं आणि ती सुट्टी देऊन काही दुकानदारांनी सणाची एक कापली. तसं करता येत नाही.

पैसे अडले तर

आधी लेखी मागा. हजेरीच्या नोंदीचा फोटो, पगाराची स्लिप, सुट्ट्यांची यादी, बोलावल्याचा मेसेज. व्हॉट्सॲपवर "उद्या या" असं आलेलं असेल तर ते पुसू नका. तो सर्वांत चांगला पुरावा असतो. बदली रजा तोंडी देतो म्हणाला तर त्याच दिवशी मेसेज करून ठेवा, "आज १५ ऑगस्टला काम केलं, बदली रजा अमुक तारखेला घेत आहे." तोंडी दिलेली बदली रजा दिवाळीपर्यंत कोणाला आठवत नाही.

तक्रार कुठे करायची ते जागेवर ठरतं. दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात तपासणी अधिकाऱ्याला 'सुविधाकार' म्हणतात. राज्यात बहुतेक ठिकाणी तो कामगार आयुक्तालयाचा असतो, मुंबईत महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याचा. कारखान्यातल्या सुट्टीच्या आणि कामाच्या तासांच्या तक्रारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातात. वेतन थकल्याचा दावा करायला वेतन संहितेखाली तीन वर्षांची मुदत आहे. पूर्वीच्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिन्यांचीच होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नका. मंजूर झालेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही संहितेने प्राधिकाऱ्याला दिला आहे.

८०० रुपयांसाठी एवढं कशाला, असं विचारणारे भेटतात. खिडकीच्या आत बसून मीही विचारलं आहे. पण त्या खिडकीशी आलेला माणूस बहुतेकदा एकटा आलेला नसतो. त्याच्या मागे शॉपमधले चाळीस जण उभे असतात, फक्त दिसत नाहीत. चाळीस माणसांचे एका दिवसाचे बत्तीस हजार होतात, आणि २०२७मध्ये शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्यांचे असे तीन दिवस आहेत. पाडवा, ईद, गणपती, नाताळ यांसारख्या सणांतले कोणते चार निवडायचे आणि बुडणाऱ्या दिवसांच्या बदल्यात काय मागायचं, हे ठरवायला २०२६चा डिसेंबर पुरेसा आहे. पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घेऊन घरी ठेवा.